प्रोजेक्ट विकत घ्यायला लावू नका : एम.एस्सी. जेनेटिक्सच्या अभ्यास मंडळांना खुलं पत्र

प्रति,
राज्यातल्या विद्यापीठांत एम.एस्सी. जेनेटिक्सचा अभ्यासक्रम ठरवणाऱ्या अभ्यास मंडळांचे सर्व सन्माननीय सदस्य

सप्रेम नमस्कार.

मी जेनेटिक्समध्ये एम.एस्सी. केलं त्याला आता काही वर्षं झाली. सध्या एका निदान प्रयोगशाळेच्या सायटोजेनेटिक्स विभागात काम करते. रक्तातल्या, गर्भजलातल्या पेशी वाढवायच्या, त्यांतली गुणसूत्रं मोजायची, जोड्या लावायच्या, रिपोर्ट तयार करायचा, हे माझं रोजचं काम. माझं गाव सातपुड्याच्या पायथ्याशी आहे. विद्यापीठ तिथून एसटीने एका रात्रीच्या अंतरावर होतं. त्याचं नाव मी लिहीत नाही, कारण जे सांगणार आहे ते एका विद्यापीठापुरतं नाही. वेगवेगळ्या ठिकाणांहून शिकून आलेले माझे सहकारी डब्याच्या सुट्टीत हेच सांगतात.

माझी मागणी एकच आहे. शेवटच्या सेमिस्टरचा प्रोजेक्ट विद्यार्थ्याला बाहेर पैसे मोजून विकत घ्यावा लागू नये. तो त्याच्या स्वतःच्या हातून व्हावा, मग विभागाच्या लॅबमध्ये होवो, जिल्हा रुग्णालयात होवो, नाहीतर कृषी विद्यापीठाच्या शेतावर.

माझा प्रोजेक्ट आधी असाच ठरला होता. ज्या जोडप्यांचे गर्भ पुन्हापुन्हा पडतात त्यांच्यापैकी काहींमध्ये नवऱ्याच्या किंवा बायकोच्या दोन गुणसूत्रांचे तुकडे आपसात अदलाबदल झालेले असतात. त्या माणसाला स्वतःला काहीच त्रास नसतो, पण गर्भात हिशेब चुकतो. अशा सहा स्त्रियांचं कॅरिओटायपिंग, म्हणजे गुणसूत्रं मोजून जोड्या लावणं, मी करायचं होतं. आमच्या मॅडमनी रुग्णालयाच्या एथिक्स कमिटीची परवानगी काढली, संमतीपत्रं मराठीत करून घेतली, आणि मी सहा जणींकडे जाऊन बसले. एकीचे तीन गर्भ पडले होते. तिने बाही वर करताना विचारलं, "यातून कळेल ना, माझं काय चुकलं ते?" मी म्हटलं, "चुकलं काहीच नाही ताई, पण कारण कळू शकतं."

शुक्रवारी संध्याकाळी हेपॅरिनच्या (रक्त गोठू न देणाऱ्या) नळीतलं रक्त पेशी वाढवायच्या पोषक माध्यमात घातलं. पीएचए टाकलं. हे राजम्यापासून मिळणारं एक प्रथिन. एरवी शांत बसलेल्या पांढऱ्या पेशी त्यामुळे विभाजन सुरू करतात. मग ३७ अंशांवर बरोबर ७२ तास. सोमवारी शेवटच्या तासाला कोल्चिसिन घालून पेशी विभाजनाच्या ऐन मध्यावर थांबवायच्या, म्हणजे गुणसूत्रं सुटी सुटी दिसतात. शनिवार-रविवार विभाग बंद. शनिवारी रात्री वीज गेली ती रविवारी दुपारी आली. जनरेटरची लाइन प्रशासकीय इमारतीपुरतीच होती. सोमवारी नळ्या काढल्या तेव्हा माध्यम जसं ओतलं होतं तसंच लालसर गुलाबी होतं. पेशी वाढल्या असत्या तर रंग पिवळ्याकडे झुकला असता. तरीही सगळं केलं. स्लाइडवर नुसती गोल केंद्रकं. सहाही जणींच्या.

पुन्हा रक्त मागायला मी गेले. चौघींनी दिलं. पण तोपर्यंत माध्यमाची बाटली संपली होती आणि नवी मागणी खरेदी विभागात अडकली होती. मार्चमध्ये मॅडमची तासिका तत्त्वावरची नेमणूक संपली. त्या स्वतःच्या खर्चाने आणखी तीन आठवडे येत राहिल्या, हे मी विसरणार नाही. पण सबमिशनची तारीख पुढे सरकत नव्हती. विभागात एका खासगी लॅबचं पत्रक लावलेलं होतं: एम.एस्सी. प्रोजेक्ट, ४५ दिवस, प्रमाणपत्रासह. फी चाळीस हजार. घरी त्या वर्षीच्या कापसाचे पैसे आले होते, त्यातून वडिलांनी दिले.

तिथे काय केलं ते सांगते. मातीतून जिवाणू वेगळे केले, आणि जिवाणूची ओळख पटवणाऱ्या १६ एस जनुकाचा क्रम दुसऱ्या शहरातल्या कंपनीकडून करवून आणला. डीएनए काढताना मी शेजारी उभी होते. पीसीआर, म्हणजे डीएनएच्या प्रती काढायची पायरी, तिथल्या टेक्निशियनने लावला, कारण एन्झाइम महाग आणि विद्यार्थ्यांच्या हातून वाया जातं. दहा दिवसांनी ईमेलवर फाइल आली. वर्गातल्या बारा जणांपैकी नऊ जणांचे प्रोजेक्ट असेच मातीतल्या जिवाणूंवर निघाले. जेनेटिक्सची पदवी, आणि नऊ जणांच्या प्रबंधात एक साधी वंशावळ नाही, एक गुणसूत्र नाही.

व्हायवाला आलेल्या एक्स्टर्नल सरांनी मला एवढंच विचारलं, "अॅनीलिंगचं तापमान ५५ का घेतलंस?" प्रायमर म्हणजे पीसीआरला सुरुवात करून देणारा डीएनएचा छोटा तुकडा; तो डीएनएवर बसतो ते हे तापमान. प्रायमरच्या वितळण्याच्या तापमानावरून ते ठरतं, साधारण त्याच्या पाचेक अंश खाली, हे पुस्तकातलं उत्तर मला येत होतं आणि मी ते दिलं. मग ते म्हणाले, "तुझ्या प्रायमरचं किती होतं?" प्रायमर मी पाहिलाच नव्हता. सरांनी वर न बघता वही मिटली आणि मला चांगले मार्क दिले. त्या मार्कांचं ओझं मला आजही वाटतं. कारण पुढे नोकरीत पहिल्याच आठवड्यात वरिष्ठांनी हातात पिपेट दिलं आणि म्हणाल्या, "स्लाइडवर ड्रॉप टाकून दाखव." थंड ओली स्लाइड तिरकी धरायची, हातभर उंचीवरून थेंब सोडायचा, तो फुटून पसरतो तशी गुणसूत्रं पसरतात. हवेत दमटपणा किती, थेंब किती उंचावरून, यावर सगळं अवलंबून. हे पुस्तकात वाचून येत नाही. मला ते जमायला दोन महिने लागले, आणि त्या दोन महिन्यांत माझ्यासमोर होते ते खऱ्या रुग्णांचे नमुने.

सदस्यहो, लॅब महाग असते म्हणून हे चालतं, असं आम्हाला नेहमी सांगितलं गेलं. मी हिशेब लावून बघितला आहे. जेनेटिक्सचा पाया ज्या प्रयोगांवर उभा राहिला ते स्वस्तच होते. मॉर्गन यांनी १९१० मध्ये पांढऱ्या डोळ्यांची माशी ज्या बाटल्यांत पाळली त्या दुधाच्या बाटल्या होत्या. आपल्याकडे ड्रोसोफिलाचं खाद्य रवा, गूळ, आगर आणि यीस्ट यांवर होतं; बुरशी येऊ नये म्हणून थोडं प्रोपिऑनिक आम्ल. म्हैसूर विद्यापीठात ड्रोसोफिलाचं राष्ट्रीय स्टॉक सेंटर आहे, तिथून माशांचे स्ट्रेन मिळतात. अंड्यापासून माशीपर्यंत २५ अंशांवर दहा-अकरा दिवस. एका सेमिस्टरमध्ये विद्यार्थी चार-पाच पिढ्या मोजू शकतो. पण त्यासाठी सकाळी लवकर येऊन आठ तासांच्या आतल्या, नराशी संग न झालेल्या माद्या वेगळ्या काढाव्या लागतात, आणि आमच्याकडे लॅब साडेदहाला उघडायची. कांद्याच्या मुळांतलं पेशीविभाजन बघायलाही तसंच सकाळी यावं लागतं. आम्हाला माशांचा प्रयोग फळ्यावर शिकवला, माशांची संख्या आधीच दिलेली होती, आम्ही फक्त काय-स्क्वेअर काढला, म्हणजे ती संख्या अपेक्षेशी जुळते का ते गणिताने तपासलं. जर्नलमध्ये बारा जणांच्या बारा वह्यांत तीच संख्या.

दुसऱ्या बाजूला, विभागात मोठी यंत्रं होती. अनुदान आलं तेव्हा रिअल टाइम पीसीआर घेतलं होतं. त्यावर प्लॅस्टिकचं कव्हर, आणि कव्हरवरची धूळ पुसली जायची ती समितीच्या भेटीच्या दिवशी. यंत्रासाठी पैसा एकदा येतो, पण एन्झाइम, माध्यम, टिप्स, किट हे दर महिन्याला लागतं आणि ते प्रत्येक वेळी निविदेतून फिरवलं जातं. उणे २० अंशांवर ठेवायचं एन्झाइम निविदेच्या फाइलबरोबर चार महिने फिरू शकत नाही. विभागप्रमुखाच्या हातात वर्षभरासाठी ठरावीक रक्कम राहील, तिचा हिशेब नंतर तपासला जाईल, एवढी सोय झाली तरी अर्ध्याहून जास्त प्रोजेक्ट विद्यापीठाच्या आवारात राहतील, असं माझं प्रामाणिक मत आहे. आणि जनरेटरची एक लाइन इन्क्युबेटरपर्यंत आणायला धोरण लागत नाही, वायरमन लागतो.

शिक्षकांविषयी माझी तक्रार नाही. ज्या विभागात दोन कायम पदं आणि बाकी सगळे तासावर, तिथे प्रोजेक्टला गाईड कुठून आणणार? तासाचे पैसे तासाला मिळतात. रविवारी कल्चर बघायला येण्याचे मिळत नाहीत. हे मंडळाच्या अधिकारात नाही हे मला माहीत आहे, पण पदं भरा असं लेखी मागणं तर अधिकारात आहे.

आता ज्या गोष्टीसाठी मी मुख्यतः लिहायला बसले, तिथे येते.

नव्या शैक्षणिक धोरणानुसार आपल्या राज्यात एम.एस्सी.च्या दुसऱ्या सेमिस्टरमध्ये ऑन जॉब ट्रेनिंग किंवा फील्ड प्रोजेक्टला चार क्रेडिट आले, आणि तिसऱ्या-चौथ्या सेमिस्टरमध्ये रिसर्च प्रोजेक्टला मिळून दहा. आमच्या वेळी हे नव्हतं. चार क्रेडिट म्हणजे १२० तास. मी विद्यापीठातल्या माझ्या जुन्या विभागातल्या मुलांना विचारलं, तुम्ही हे तास कुठे केले? कुणी पॅथॉलॉजी लॅबच्या काउंटरवर नावं लिहून घेतली, कुणी ऑनलाइन इंटर्नशिपचं प्रमाणपत्र घेतलं. त्याच जिल्ह्यात त्याच महिन्यांत सिकलसेलची तपासणी चालू होती.

सिकलसेल म्हणजे काय ते आपल्याला सांगायची गरज नाही. बीटा ग्लोबिनच्या जनुकात एका जागी एक अक्षर बदलतं, सहाव्या स्थानावर ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन येतं, आणि ऑक्सिजन कमी पडला की लाल पेशी विळ्यासारखी वाकते. जगातल्या प्रत्येक जेनेटिक्सच्या पुस्तकात हे पहिल्या काही प्रकरणांत असतं. आम्हीही ते वाचलं, आफ्रिकेच्या नकाशासकट. ते नंदुरबार, गडचिरोली, मेळघाटातही आहे, हे वर्गात एका वाक्यात उरकलं. भिल्ल, पावरा, गोंड, माडिया या समाजांतली मुलं ज्या वर्गात बसलेली असतील तिथे नकाशा तरी आपला लावा. १ जुलै २०२३ रोजी शहडोलहून राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहीम सुरू झाली. चाळीस वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी आणि २०४७ पर्यंत निर्मूलन असं तिचं उद्दिष्ट आहे. तपासणी करणं त्यातला सोपा भाग. बोटातून रक्ताचा थेंब, सोल्युबिलिटी टेस्ट, पॉझिटिव्ह आली तर खात्रीसाठी इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी. अवघड काय, ते मला माझ्याच नात्यातल्या एका घरात कळलं.

गेल्या दिवाळीत गावी होते. माझी एक मावसवहिनी पदराआड दोन कार्डं घेऊन आली. तिचं एएस, नवऱ्याचं एएस, म्हणजे दोघंही वाहक: जनुकाची एक प्रत चांगली, एक सदोष. पहिला मुलगा एसएस, दोन्ही प्रती सदोष, म्हणजे आजारी. हात-पाय सुजून तो रात्र रात्र रडायचा. सासूचं म्हणणं, हा आजार सुनेने माहेरून आणला. आणि वहिनीचा समज वेगळाच होता. तपासणीवेळी कुणीतरी सांगितलं होतं, "चौघांत एकाला होतो." त्यावरून तिने धरलं होतं की एकाला झाला, आता पुढची तिघं सुखरूप. ती दुसऱ्यांदा गरोदर राहायच्या विचारात होती.

मी चुलीजवळच्या डब्यातून ज्वारी आणि उडीद काढले. तिच्या मुठीत एक ज्वारीचा दाणा, एक उडदाचा. दादाच्या मुठीतही तसंच. सासूबाईंना म्हटलं, "मावशी, डोळे मिटा आणि दोघांच्या मुठीतून एकेक दाणा काढा." दोन काळे आले तर आजार. एकदा काढलं, एक काळा, एक पांढरा. मग मी दाणे परत मुठीत टाकायला लावले. "प्रत्येक बाळाच्या वेळी दाणे परत मुठीत येतात," मी म्हटलं. त्या वाक्याला वहिनी थबकली. पंचवीसेक वेळा काढून झालं असेल. सलग दोनदा काळे-काळे आले तेव्हा सासूबाईंनी हात मागे घेतला. मग त्यांनी लेकाच्या मुठीकडे बघितलं आणि म्हणाल्या, "याच्यातूनबी काळाच निघतोय की." सुनेवरचा ठपका त्या दिवशी उतरला. गर्भाची तपासणी करता येते, कुठे करता येते, किती आठवड्यांत, आणि झालेल्या मुलाला हायड्रॉक्सियुरिया हे औषध कुठे मिळतं, हे त्यानंतर बोलता आलं.

हे मला विद्यापीठाने शिकवलेलं नव्हतं. स्वतंत्र घटनांची संभाव्यता शिकवली होती, दाणे परत मुठीत टाकायचे हे नाही. १२० तासांत आपला विद्यार्थी आरोग्यसेविकेबरोबर अशा तीस घरांत बसला, तर तो त्या तीस घरांच्याही उपयोगी पडेल आणि पुढे कधी संभाव्यता विसरणार नाही. कार्ड देणाऱ्या कर्मचाऱ्याकडे वेळ नसतो, आपल्या मुलांकडे तो आहे आणि विषयही त्यांचाच आहे. वंशावळ काढणं, संमती घेणं, समुपदेशन करणं हे चौथ्या सेमिस्टरच्या ऐच्छिक पेपरात न ठेवता सक्तीचं करा, आणि त्याची परीक्षा मराठीत बोलून घ्या. पावरी, भिली, गोंडी बोलणारा विद्यार्थी असेल तर त्या भाषेत. 'हेटेरोझायगस' (जनुकाच्या दोन प्रती वेगवेगळ्या असलेला) हा शब्द आम्हाला येतो. त्याचा अर्थ स्वतःच्या आजीला सांगता येतो का, ते तपासा.

आपल्या मातीतली उदाहरणं कमी नाहीत. १९५२ साली मुंबईत डॉ. वाय. एम. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी असा रक्तगट शोधला, की नेहमीच्या तपासणीत तो 'ओ' वाटतो पण त्या माणसाला 'ओ' गटाचं रक्त चालत नाही. जगभर तो 'बॉम्बे' या नावानेच शिकवला जातो. एक जनुक दुसऱ्याला कसं झाकतं, हे शिकवायला यापेक्षा चांगलं काय आहे? जवळच्या नात्यातल्या लग्नांचा धडा आम्ही परदेशातल्या पंथांवर शिकलो, आणि मामाच्या मुलीशी लग्न झालेली जोडपी वर्गातल्या निम्म्या मुलांच्या घरात होती. वनस्पतींकडे जायचं असेल त्याने मोहोळच्या केंद्रावर निवडलेली मालदांडी ३५-१ ज्वारी बघावी. इतकी वर्षं ती रब्बीला का टिकून आहे, हा एक अख्खा प्रोजेक्ट आहे.

आणखी एक गोष्ट, जी शिकवायची राहून जाते आणि नोकरीत पहिल्याच महिन्यात समोर उभी राहते. माझ्या मायक्रोस्कोपखाली गर्भजलातल्या पेशीचं पहिलं कॅरिओटाइप आलं, तेव्हा लिंग गुणसूत्रं स्वच्छ दिसत होती. बाहेर आई-वडील बसलेले. रिपोर्टमध्ये ती झाकूनच जातात, तोंडातून अक्षर काढायचं नाही. गर्भलिंग निदानाविरुद्ध देशात सर्वात आधी, १९८८ साली, महाराष्ट्राने कायदा केला. केंद्राचा १९९४ चा. जेनेटिक्सचा विद्यार्थी पुढे ज्या लॅबमध्ये बसणार त्या लॅबची नोंदणीच या कायद्याखाली होते. मला तो कायदा पहिल्यांदा कळला तो लॅबच्या दाराबाहेरच्या पाटीवरून. निदान एका युनिटइतकी जागा त्याला द्या.

मी मागते आहे ते असं. प्रोजेक्टसाठी विद्यार्थ्याकडून पैसे घेणाऱ्या बाहेरच्या लॅबचं प्रमाणपत्र स्वीकारणं बंद करा. बाहेर जायचंच असेल तर विद्यापीठाने करार करावा, पैसे विद्यापीठाने भरावेत, आणि विद्यार्थ्याने कोणती पायरी स्वतः केली ते प्रबंधाच्या पहिल्या पानावर गाईडच्या सहीने लिहावं. दुसऱ्या सेमिस्टरचे १२० तास जिल्हा शल्यचिकित्सकांशी बोलून सिकलसेल, थॅलेसेमियाच्या कामाला जोडा. फसलेला प्रयोग प्रबंध म्हणून स्वीकारा. माझ्या सहा नळ्या फसल्या, पण का फसल्या हे लिहिलं असतं तर ते त्या जिवाणूंपेक्षा खरं जेनेटिक्स झालं असतं. जानेवारी २०२५ मध्ये जीनोमइंडिया या राष्ट्रीय प्रकल्पाने देशातल्या वेगवेगळ्या समाजांतल्या १०,००० माणसांचे जीनोम संशोधकांसाठी खुले केले. ते वाचणारी माणसं आपल्या या वर्गांतून यायची आहेत, आणि ती आज ४५ दिवसांच्या प्रमाणपत्रासाठी रांगेत उभी आहेत.

यातलं कुठलंही विद्यापीठ कॅरिओटायपिंगची बॅच सुरू करणार असेल, तर मी येईन. शुक्रवारी संध्याकाळी मुलांबरोबर नळ्या लावेन, सोमवारी रजा टाकून शेवटच्या थेंबापर्यंत थांबेन. मानधन नको. मधले दोन दिवस इन्क्युबेटर चालू राहील एवढी सोय तेवढी करून ठेवा.

आपली नम्र,
जेनेटिक्सची एक माजी विद्यार्थिनी